जुन्या पिकअपचा दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकसंध शाफ्ट टाकायचाय? आधी हिशोब, मग पाना

माझ्याकडे १९७२ ची शेवरले सी-१० आहे, लाँगबेड (लांब हौद्याची), म्हणजे १२७ इंच व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आणि इथे मिशिगनमधे हिवाळ्यात रस्त्यावर एवढं मीठ टाकतात की खालचं रबर न् लोखंड दोन्ही लवकर म्हातारं होतं. गेल्या वर्षी सिग्नलवरून गाडी निघाली की सीटखाली घर्र घर्र करून एक धक्का बसायचा आणि मग सगळं शांत, ताशी ३० मैलांच्या पुढे काहीच नाही. खाली झोपून बघितलं तर सेंटर बेअरिंगभोवतीचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं, शाफ्ट हाताने धरून वर ढकलला तर चांगला इंचभर वर जात होता आणि सोडला की परत पट्टीवर येऊन आपटत होता. तिथून हे एकसंध शाफ्टचं प्रकरण सुरू झालं.

शब्दांचं आधी सांगतो. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारी जी नळी जाते, अमेरिकेत तिला ड्राईव्हशाफ्ट म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमधे प्रोपेलर शाफ्ट किंवा नुसता शाफ्ट, कोनात वळणाऱ्या सांध्याला, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटला क्रॉस आणि मधल्या आधाराला सेंटर बेअरिंग. मी सांगलीत मामाच्या गॅरेजमधे वाढलो त्यामुळे तोंडात तेच शब्द बसलेत, इथेही तेच वापरतो.

सगळ्यात पहिली गोष्ट, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सेंटर बेअरिंग गेलंय एवढ्याच कारणाने एकसंध शाफ्टच्या मागे लागू नका. नवीन सेंटर बेअरिंग शाफ्टच्या मानाने खूपच स्वस्त पडतं, दोन तासांचं काम आहे, आणि क्रॉस चांगले असतील तर गाडी पुढची कित्येक वर्षं गुळगुळीत चालते. कंपनीने दोन तुकडे उगाच नाही केले. लांब नळी जोरात फिरली की एका ठराविक वेगाला ती मधून धनुष्यासारखी वाकायला लागते, दोरीवरच्या उड्यांची दोरी फिरते ना तशी, आणि त्या वेगाला पोचलात तर नुसती थरथर होत नाही, शाफ्ट तुटून खाली पडू शकतो. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. नळी जेवढी लांब तेवढा हा वेग कमी, आणि तोही लांबीच्या वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे लांबी दुप्पट केली तर क्रिटिकल स्पीड थेट चौथाईवर येतो. म्हणून लांब गाड्यांना दोन तुकडे.

मग एकसंध का टाकायचा? कारण काही गाड्यांमधे तो हिशोबात आरामात बसतो. तीन क्रॉसच्या जागी दोन राहतात, सेंटर बेअरिंग जातं, मधली स्प्लाईन (लांबी कमीजास्त होऊ देणारा खाचांचा सरकता जोड) जाते, आणि गिअरबॉक्स बदलला असेल (माझ्या गाडीत आधीच्या मालकाने टीएच३५० काढून ७००आर४ टाकलाय, तो सुमारे तीन इंच जास्त लांब आहे) तर नाहीतरी पुढचा तुकडा कापून नवीन करावाच लागतो. गाडी खाली बसवलेली असेल तर सेंटर बेअरिंगची उंची जुळवताना जीव जातो, तिथेही एकसंध बरा पडतो.

आता हिशोब. कॅल्क्युलेटर घ्या, पाच मिनिटं लागतील आणि हीच पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत. आधी शाफ्ट किती फिरणार ते काढायचं. मैलांमधला वेग गुणिले मागच्या एक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो) गुणिले ३३६, आणि त्याला टायरच्या उंचीने भागायचं, उंची इंचात. माझा रेशो ३.७३, टायर २९ इंच, तर ७५ च्या वेगाला शाफ्ट साधारण ३२४० आरपीएमने फिरतो आणि ८५ ला ३६७० च्या आसपास. इथे एक गैरसमज खूप लोकांचा असतो की ओव्हरड्राईव्ह (७००आर४ मधला सगळ्यात वरचा गिअर) आहे म्हणजे शाफ्ट हळू फिरतो. अजिबात नाही. शाफ्ट चाकाला बांधलेला आहे, गिअरला नाही, ओव्हरड्राईव्हमधे इंजिन हळू होतं पण शाफ्ट तेवढाच फिरतो, उलट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. आणि टायरची उंची बाजूवर छापलेल्या आकड्यावरून काढू नका, टेप लावून मोजा.

मग क्रिटिकल स्पीड. नळीच्या बाहेरच्या व्यासाचा वर्ग अधिक आतल्या व्यासाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, त्याला ४७ लाखांनी गुणायचं आणि क्रॉस ते क्रॉस लांबीच्या वर्गाने भागायचं, सगळं इंचात. माझी लांबी ५९ इंच. साडेतीन इंची नळी, जाडी ०.०८३ इंच, म्हणजे आतला व्यास ३.३३४. उत्तर येतं ६५०० च्या वर. हा आकडा कागदावरचा, प्रत्यक्षात गिअरबॉक्सची शेपटी हलते, क्रॉसमधे थोडा खेळ असतो, नळी अगदी सरळ नसते, म्हणून त्याच्या ७५ टक्केच धरायचे. ते झाले ४८७५ च्या जवळ. मला ८५ ला लागतात ३६७०. म्हणजे भरपूर जागा आहे. तीन इंची नळी घेतली असती तर ५५७० आणि त्याचे ७५ टक्के ४१८०, म्हणजे तीही चालली असती.

आता याच्या उलट बघा. फोर्डची जुनी एफ-१५० सुपरकॅब, लांब हौद्याची, तिचा व्हीलबेस १५५ इंच. समजा एकसंध शाफ्टची लांबी ८२ इंच आली आणि तुम्ही चार इंच व्यासाची नळी घेतलीत तरी उत्तर येतं ३८७० आणि त्याचे ७५ टक्के २९००. रेशो ३.५५ आणि २९ इंची टायर असेल तर ७० लाच शाफ्ट २८८० ने फिरतोय. म्हणजे हायवेला लागलात की तुम्ही काठावर उभे. अशा गाडीला स्टीलचा एकसंध शाफ्ट टाकू नका, कोणी कितीही म्हणू दे की माझ्या मित्राने टाकलाय आणि चालतोय. तिथे नवीन सेंटर बेअरिंग आणि नवीन क्रॉस, विषय संपला.

अॅल्युमिनियमचं पण सांगून ठेवतो कारण दुकानवाले सुद्धा कधीकधी चुकीचं सांगतात. अॅल्युमिनियम हलकं आहे म्हणून क्रिटिकल स्पीड वाढतो असं म्हणतात, पण ते जेवढं हलकं आहे जवळपास तेवढंच लवचिक पण आहे, त्यामुळे त्याच व्यासाची नळी असेल तर फरक नाहीच्या बरोबर. फायदा होतो तो व्यासाचा. अॅल्युमिनियमची पाच इंची नळी घेतली तरी वजन आटोक्यात राहतं, म्हणून मोठ्या व्यासाची नळी परवडते आणि त्या व्यासामुळे क्रिटिकल स्पीड वाढतो. कार्बन फायबरची गोष्ट वेगळी, ते खरंच हलकं आणि ताठ दोन्ही आहे, पण त्याची किंमत बघून जुन्या पिकअपसाठी मी तरी त्या वाटेला गेलो नाही.

पण मोठ्या व्यासाची नळी म्हणजे जागा पण हवी. सी-१० ला मागे कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म असतात, ते आर्म ज्या आडव्या क्रॉसमेंबरला लागतात त्याच्यातूनच शाफ्ट जातो आणि सेंटर बेअरिंग पण तिथेच बसलेलं असतं. बेअरिंगचा ब्रॅकेट काढला की बऱ्यापैकी भोक मोकळं होतं, पण गाडी खड्ड्यात जाऊन मागचं हाऊसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी घर) वर आलं की शाफ्ट पण वर येतो, तेव्हा वरच्या कडेला घासतो का ते बघावं लागतं. मी साडेतीन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा शाफ्टच्या जागी तारेने बांधून बघितलं, जॅकने हाऊसिंग रबर स्टॉपला टेकेपर्यंत वर घेतलं आणि चारी बाजूंनी फट बघितली. सगळीकडे किमान अर्धा-पाऊण इंच फट पाहिजे. सायलेन्सरचा पाईप, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, हे सगळं पण बघा. हँडब्रेकची केबल माझ्याकडे चिकटत होती, ती क्लिप लावून बाजूला घेतली.

आता कामाला लागू. शाफ्ट काढायच्या आधी चारी चाकांना पुढून मागून ठोकळे लावा. हे का सांगतोय, तर ऑटोमॅटिक गाडी पार्कमधे असली तरी ती शाफ्टमुळेच थांबलेली असते, शाफ्ट काढला की पार्कला काही अर्थ राहत नाही, गाडी मोकळी. उतारावर असेल तर तुमच्या अंगावरून जाईल. नुसत्या हँडब्रेकवर पण विश्वास ठेवू नका, पन्नास वर्षांची केबल आहे ती. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या तर हाऊसिंगच्या खाली लावा, चासीखाली नाही, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहतं आणि गाडी चाकावर उभी असल्यासारखीच बसते.

मागे पिनियनच्या (एक्सलमधे शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरच्या) योकवर, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर, चार नट असतात, दोन यू-बोल्टचे, ते आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा. नट निघाले की क्रॉसच्या दोन सुट्या वाट्यांवर (टोकांवरच्या बेअरिंगच्या टोप्या) लगेच टेप गुंडाळा नाहीतर वाटी पडते आणि आतल्या सुया सगळ्या अंगणभर. मग सेंटर बेअरिंगचे दोन बोल्ट, आणि पुढचा योक मागे ओढून बाहेर. गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल येतं, खाली ट्रे ठेवा आणि भोकात जुना योक किंवा प्लास्टिकचं बूच घाला. इथे एक नीट बघायचं. काही गाड्यांना, विशेषतः टीएच४०० वाल्या ट्रकना, पुढचा योक सरकता नसतो, आतून बोल्टने पक्का केलेला असतो, कारण लांबी कमीजास्त व्हायचं काम मधली स्प्लाईन करत असते. एकसंध शाफ्टला मधली स्प्लाईन नाही, म्हणजे पुढे सरकता योक लागणारच, तो न बदलता शाफ्ट बनवून घेतलात तर पहिल्या खड्ड्यात गिअरबॉक्सचं मागचं घर फुटेल. टीएच३५० आणि ७००आर४ दोघांनाही २७ स्प्लाईनचा योक लागतो, टीएच४०० ला ३२ चा.

लांबी मोजायच्या आधी कोन. लोक आधी लांबी मोजतात, मग पाचर घालून कोन बदलतात आणि मग लांबी बदलते. दोन तुकड्यांच्या शाफ्टमधे पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत असतो आणि खरा कोन मागच्या तुकड्याला असतो. मधला आधार काढला की एकच सरळ रेष उरते आणि सगळे कोन बदलतात. तत्त्व असं की गिअरबॉक्स मागे जेवढा खाली झुकलाय तेवढंच पिनियनचं नाक वर पाहिजे, म्हणजे दोन्हींच्या रेषा समांतर. मग पुढच्या क्रॉसचा कोन आणि मागच्याचा सारखा येतो, पुढचा क्रॉस जी ओढाताण करतो ती मागचा तेवढीच उलट करून मारतो. फरक एक डिग्रीच्या आत ठेवा, प्रत्येक क्रॉसचा कोन एक ते तीन डिग्रीत. शून्य पण नको हां, कोन अजिबात नसला तर वाटीतल्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी दाबून खड्डे पाडतात.

माझ्याकडे चुंबकाचा डिजिटल कोनमापक आहे, तो नसेल तर फोनचं अॅप सुद्धा चालतं, फक्त पृष्ठभाग खरवडून साफ करा, रंग आणि चिखलावर ठेवून अर्धा डिग्री चूक सहज होते. माझं असं आलं, गिअरबॉक्स ३.५ खाली, शाफ्टची रेष ५ खाली, पिनियन १.५ वर. म्हणजे पुढचा क्रॉस दीड डिग्री आणि मागचा साडेतीन. दोन डिग्रीचा फरक. मग हाऊसिंग आणि ट्रेलिंग आर्म यांच्यामधे दोन डिग्रीची स्टीलची पाचर घातली, पिनियन ३.५ वर आला, दोन्ही क्रॉस दीड दीड. पाचरेची जाड बाजू कुठे ते चुकू नका. सी-१० ला हाऊसिंग आर्मच्या वर बसतं, म्हणून नाक वर करायला जाड बाजू पुढे. पाट्याची स्प्रिंग हाऊसिंगच्या वर असलेल्या गाडीत उलट, जाड बाजू मागे. आणि पाट्यावाल्या गाडीत जोर लावला की पिनियनचं नाक आपोआप वर जातं, म्हणून तिथे समांतरपेक्षा एक-दोन डिग्री खालीच ठेवतात. अॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका, ती दबते आणि यू-बोल्ट ढिले होतात.

कोन झाला, आता लांबी. गाडी चाकावर किंवा हाऊसिंगखालच्या घोड्यांवर, टाकी निदान अर्धी भरलेली. मी पहिल्यांदा हाऊसिंग लटकत असताना मोजलं आणि नंतर वजनावर मोजलं तर पाच सुतांचा फरक आला, ऑर्डर द्यायच्या आधी दुसऱ्यांदा मोजलं म्हणून पैसे वाचले. नवीन योक आत पूर्ण ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, म्हणजे सहा ते आठ सूत, आणि तिथे खडूची खूण करा. आता पुढच्या क्रॉसच्या वाटीच्या मध्यापासून मागच्या वाटीच्या मध्यापर्यंत. तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे लिहा. शाफ्ट बनवणाऱ्याला आधी विचारा त्याला कुठून कुठे माप लागतं, कारण काही जण गिअरबॉक्सच्या सीलपासून मागतात, आणि दोघं वेगवेगळं समजून बसलात तर शाफ्ट वाया.

सी-१० वाल्यांनी अजून एक बघायचं. सेंटर बेअरिंग ट्रेलिंग आर्मच्या सांध्याजवळच होतं, त्यामुळे मागचा तुकडा आणि आर्म जवळपास एकाच जागेवरून झुलायचे आणि लांबी फारशी बदलायची नाही. एकसंध शाफ्ट आर्मपेक्षा लांब आहे, दोघांचा झोका वेगळा, म्हणून योक आत-बाहेर जास्त सरकतो. जॅकने हाऊसिंग वर खाली करून योक किती सरकतो ते मोजा. वर आलं तरी योक तळाला टेकता कामा नये.

शाफ्ट शॉपला काय सांगायचं? नळीचा व्यास आणि जाडी, लांबी, तुमचा सगळ्यात जास्त वेग आणि त्याला येणारा आरपीएम, आणि क्रॉसचा नंबर. क्रॉस व्हर्नियरने मोजा. १३१० आणि १३३० दोन्हींची वाटी १.०६२ इंच, पण पहिल्याची रुंदी ३.२१९ आणि दुसऱ्याची ३.६२५. १३५० ची रुंदी १३३० एवढीच पण वाटी १.१८८. साध्या गाडीला १३१० सुद्धा पुरतो, मी १३३० घेतला कारण कधीमधी ट्रेलर ओढतो. पिनियनचा योक वेगळ्या मापाचा असेल तर दोन मापांचा जोड क्रॉस मिळतो. कंपनीच्या जुन्या जीएम शाफ्टमधे क्रॉस प्लास्टिक ओतून बसवलेला असतो, तो नुसता ठोकून निघत नाही, गरम करून प्लास्टिक वितळवावं लागतं, घरी करणार असाल तर वास फार वाईट येतो, बाहेर करा.

बॅलन्सिंग नक्की करून घ्या आणि किती आरपीएमला केलं ते विचारा. सर्वसाधारण गाड्यांच्या शाफ्टला जी-४० दर्जा धरतात, त्यापेक्षा बारीक जी-१६, मी जी-१६ मागितला. वेल्डिंग झाल्यावर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते डोळ्याने बघा, शाफ्ट सपाट फरशीवर ठेवला की लगेच दिसतं. माझ्या ओळखीतल्या एकाला वाकडा वेल्ड झालेला शाफ्ट मिळाला होता आणि तो महिनाभर टायर बॅलन्स करत बसला.

बसवताना योकच्या बाहेरच्या गुळगुळीत भागाला गिअरबॉक्सचं तेल लावा, सीलच्या ओठाला कोरडं घासू देऊ नका. योक आत, मग मागची वाटी पिनियनच्या खाचेत नीट बसवा, दोन्ही बाजूच्या छोट्या कडांच्या आत वाटी गेली पाहिजे, तिथे गंज किंवा रंग असेल तर वाटी तिरकी बसते आणि तुम्हाला वाटतं बॅलन्स गेला. यू-बोल्टचे नट १३१० आणि १३३० ला फक्त १४ ते १७ फूट-पाऊंड, १३५० ला २० ते २४. एवढंच? हो, एवढंच. ताकद लावून आवळलं की वाटी चपटी होते, सुया अडकतात, आणि नवा क्रॉस थोड्याच दिवसात आवाज करतो. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा. बसवून झाल्यावर शाफ्ट हाताने फिरवून बघा, कुठे अडतोय का, मग गिअरबॉक्सचं तेल तपासा, काढताना गळालेलं भरा.

पुढच्या क्रॉसच्या सहा इंचांच्या आत एक लोखंडी कडं लावा, पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टीचं, शाफ्टभोवती पूर्ण गोल. ड्रॅग रेसिंगवाल्यांसाठीचा नियम आहे हा, पण पुढचा क्रॉस तुटून शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उडते, आणि माझ्या शेजारी माझी मुलगी बसते. मी लावलं.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, काच खाली, रेडिओ बंद. ३०, ४५, ६०, ७० असं चढत जा. थरथर आली तर त्याच वेगाला न्यूट्रल करा. इंजिन खाली गेलं तरी थरथर तशीच असेल तर ती शाफ्ट, हाऊसिंग किंवा चाकांची. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक झटका असेल तर बॅलन्स, दोन असतील तर कोन. निघतानाच घर्र होत असेल तर पण कोन. बॅलन्स थोडासा चुकला असेल तर नळीच्या मागच्या टोकाजवळ दोन होज क्लॅम्प लावून त्यांची डोकी फिरवत फिरवत जागा शोधता येते, प्रत्येक वेळी खडूने खूण करून, वेळ जातो पण जमतं. माझ्याकडे ६२ ला अगदी बारीक गुणगुण राहिली होती, दोन क्लॅम्पने एका दुपारी गेली.

पाचशे मैलांनी परत खाली जा, यू-बोल्ट तपासा, पाचरेचे बोल्ट तपासा, सील ओलं झालंय का बघा, क्रॉसला निपल असेल तर चारी वाट्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. आणि जुना शाफ्ट भंगारात देऊ नका, नवीन सेंटर बेअरिंग घालून, तेल लावून, दोन्ही तुकड्यांवर एकमेकांसमोर खुणा करून भिंतीला टांगून ठेवा. माझा तिथेच आहे.